दोन खिडक्या आणि रविवारचं पाणी

त्या रविवारी, म्हणजे अम्मानच्या आठवड्यातल्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी नुहाला खरं तर फार काही करायचं नव्हतं. कॉम्प्युटरवर एक लहानसं टूल बसवायचं, त्याला दोन-चार गोष्टी समजावून सांगायच्या आणि कुसै उठायच्या आत चहा गरम आहे तोवर प्यायचा, बस्स. यातली चहाची इच्छा जरा जास्तच होती, हे तिलाही ठाऊक होतं. ज्या घरात दात येणारं मूल असतं, त्या घरात चहा गरम असताना पिणं ही चैन असते आणि ती पाहुण्यांनी करायची असते. पण टूलचं काय एवढं? लोक डोंगराच्या कडेला पाचमजली घरं बांधतात. अम्मानच्या उभ्या चढांवर एका हाताने सिगारेट पेटवत गाडी उलटी घेतात. त्यापुढे एक टूल म्हणजे किस झाड की पत्ती!

नुहाच्या कंपनीचं नाव होतं 'कतरा', म्हणजे थेंब, आणि कंपनीही थेंबाएवढीच होती. मिठाईच्या दुकानावरच्या माळ्यावर चार टेबलं आणि सतत कुनाफ्याचा वास. या कंपनीचं एकच ॲप होतं, पण ते घराघरात होतं, कारण अम्मानमध्ये नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक वस्तीचा वार वेगळा. पाण्याच्या वारी सगळी वस्ती कपडे, चादरी, गालिचे आणि मुलं एकदमच धुऊन काढते. उरलेले दिवस सगळी माणसं गच्चीवरच्या टाकीकडे, आजारी नातेवाइकाकडे बघावं तशी बघत राहतात. 'कतरा' सकाळी फोनवर टिंग करून सांगायचं, 'आज तुमचं पाणी.' लोक स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरतील, पण ही टिंग चुकवणार नाहीत.

उन्हाळा लागला की वार बदलतात आणि नवे वार चढेपर्यंत टिंग बंद ठेवावी लागते. यंदाचे नवे वार नुहाने लिहिले होते. नुसते वार नव्हे, कुठल्या उतारावरच्या टाक्या आधी भरतात आणि कुठल्या चढावरच्या बिचाऱ्या शेवटी, त्याच्या हिशेबासकट. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून, कुसैच्या झोपांच्या फटीफटीत बसून, एका हाताने पाळणा हलवत आणि एका हाताने टंकत तिने ते काम उभं केलं होतं. त्या फाइलमध्ये कुठली ओळ कुठल्या अंगाईवर लिहिली गेली, हेसुद्धा तिला सांगता आलं असतं.

त्याच फाइलमध्ये सुहैब नावाचा सहकारी पडद्याचे रंग बदलत बसला होता. रंग बदलताना त्याने हिवाळ्याचे जुने वार जागच्या जागी ठेवले होते. तिथेच घोडं अडलं.

अशा कामासाठी गिट नावाची एक व्यवस्था असते. ती सगळ्यांच्या लिखाणाच्या सगळ्या आवृत्त्या जपून ठेवते. कोण कधी काय म्हणालं आणि नंतर कसं फिरलं, यातलं ती काही विसरत नाही. नुहाच्या सासूबाईंचं आणि गिटचं या बाबतीत चांगलं जमलं असतं. पण एकाच ओळीत दोघांनी हात घातला, की गिट अंग काढून घेते. दोघांच्या ओळी एकाखाली एक ठेवते, मध्ये बाणांची आणि बरोबरच्या चिन्हांची कुंपणं घालते आणि म्हणते, तुमचं तुम्ही निस्तरा.

नुहा आजवर ते नुसत्या डोळ्यांनी निस्तरत आली होती. पण मागच्या खेपेला एक कुंपण फाइलमध्येच राहून गेलं आणि अख्खं ॲप एका दुपारपुरतं कोरं झालं. तेव्हापासून मालक, इंजिनिअर वज्दी, तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसे हळू बोलायला लागले होते.

"नुहा, यापुढे डोळ्यांनी नाही हं," सकाळीच त्यांचा फोन आला होता. "ते दोन खिडक्यांचं टूल लाव. एका खिडकीत तुझं, दुसरीत त्याचं, मध्ये मूळ, खाली निकाल. मी तेच वापरतो, सुहैब तेच वापरतो. शहाणी माणसं तेच वापरतात."

"लावते."

"दुपारच्या बैठकीआधी जुळवणी झाली पाहिजे. आणि हे बघ, नाही झाली तरी मनाला लावून घेऊ नकोस. तुला बाळ आहे, मी समजू शकतो. वारांचं काम सुहैब बघेल. तू आपली तक्रारींचे फोन घे. बसल्या बसल्या काम, बाळाकडेही लक्ष."

'बसल्या बसल्या' या शब्दावर नुहाला हसू आलं. कुसै झाल्यापासून ती बसली अशी नव्हतीच. पण त्याआधीचं वाक्य आता तिच्या लक्षात आलं. तिचे वार सुहैबकडे जाणार! आणि ती फोनवर एकेका हाज्जाबाईला, म्हणजे वस्तीतल्या आजीबाईंना, 'हो हाज्जा, कळतंय हाज्जा, टाकीत काय आहे म्हणालात, पाल?' करत बसणार. फार प्रेमाने माणसाला दारापर्यंत पोचवून दार लावून घ्यावं, तसला हा प्रकार होता.

"बैठकीआधी होईल," ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

पहिलीच माशी शिंकली ती परवानगीची. कंपनीच्या लॅपटॉपवर काहीही नवं बसवायला तांत्रिक विभागाचा पासवर्ड लागायचा. तांत्रिक विभाग म्हणजे सुहैब.

"देतो की," सुहैब फोनवर म्हणाला, "फक्त वज्दीसाहेबांनी लेखी दिलं पाहिजे. नियम आहे."

"नियम कोणी केला?"

"मीच. पण केला आहे ना!"

वज्दींना विचारलं तर ते म्हणाले, तांत्रिक विभागात मी ढवळाढवळ करत नाही, सुहैबला विचार. नुहाने पुन्हा निरोप धाडला. वज्दींनी उत्तरादाखल नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. सुहैबने ते बारकाईने पाहिलं असावं, कारण बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं की अंगठा लेखी धरता येत नाही. अखेर वज्दींनी 'बरं' हा शब्द अक्षरांत लिहून पाठवला. एवढ्याशा शब्दासाठी त्यांना खर्च आल्यासारखं वाटलं असणार.

तेवढ्यात नुहाचा नवरा इहाब औषधाच्या दुकानात जायला निघाला. बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला, "बंद करून चालू करून बघितलंस का?"

"अजून चालूच झालेलं नाही, इहाब. बंद काय करू?"

"मग आधी चालू कर, मग बंद कर," असं म्हणून, संसाराला हातभार लावल्याच्या समाधानात तो जिना उतरला.

टूल बसलं. आता गिटला सांगायचं होतं, की बाई, भांडण झालं की या टूलला हाक मार आणि फाइली अशा अशा क्रमाने हातात दे: आधी माझी, मग मूळ, मग त्याची, शेवटी निकालाची. नुहाने टूलचा पत्ता लिहिला. गिट म्हणाली, असं काही नाही. पत्त्यात मध्येच एक रिकामी जागा होती आणि गिट त्या जागेपाशीच वाचायची थांबत होती. अर्धा पत्ता वाचून परत येणाऱ्या टपालवाल्यासारखी. नुहाने पत्ता अवतरणचिन्हांत घातला. गिटने टूलला हाक मारली. आता टूल म्हणालं, तुमच्या फाइली ज्या घरात, म्हणजे फोल्डरमध्ये, आहेत ते घरच नाही.

याचं कारण शोधायला फार वेळ गेला आणि कारण असं निघालं, की ते घर नुहाच्या नावाचं होतं आणि नाव अरबीत होतं. नुहाने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याने मोठ्या अदबीने भाषा विचारली होती आणि तिने सांगितली होती अरबी. साहजिकच आहे. अख्ख्या ऑफिसात फक्त तिचाच लॅपटॉप अरबीत होता. बाकी सगळे अरबी ॲप इंग्रजी कॉम्प्युटरवर बनवायचे आणि ते जरा रुबाबाचं समजलं जायचं. टूलला अरबी अक्षरं दिसली की ते त्यांच्या जागी रिकामे चौकोन मांडायचं. स्वतःचं नाव असं चौकोनांच्या रांगेत बघून नुहाला घरपट्टीवर दुसऱ्याचंच नाव निघाल्यासारखं वाटलं. शेवटी तिने साध्या इंग्रजी नावाचं वेगळं घर करून फाइली तिकडे हलवल्या.

प्रत्येक फसलेल्या खेपेला गिट एकेक जादा प्रत मागे टाकून जात होती. कुसैने घरभर अर्धवट चावलेली बिस्किटं टाकावीत तशा त्या प्रती सगळीकडे पडल्या होत्या. नुहा त्या वेचत होती, इतक्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या उम्म हाझिम, म्हणजे हाझिमच्या आई, हातात भरलेल्या द्राक्षपानांची बशी.

"बाळ झोपलंय ना? मग मी आवाज करत नाही," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "तुझं तोंड का असं? काय झालं?"

नुहाने समजावलं, दोघांनी एकाच ठिकाणी वेगवेगळं लिहिलंय, ते एकत्र करायचं टूल लावतेय, ते लागत नाही.

"अगं, आमच्या हाझिमचं दुबईला असंच झालं होतं. कॉम्प्युटर अगदी असाच रुसला होता. कोणाची तरी नजर."

"नजर नाही हो काकू, पत्त्यात मोकळी जागा होती."

"तीच ती! मोकळ्या जागेतूनच नजर शिरते." आणि पिशवीतून एक निळा मणी काढून त्यांनी लॅपटॉपच्या कोपऱ्यावर चिकटपट्टीने लावलासुद्धा. तो नेमका जिथे वेळ दिसते तिथे बसला. आता बैठकीला किती अवकाश आहे, हे कळायचा मार्गही बंद झाला.

लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे, त्यानंतर टूल लगेच उघडलं. उम्म हाझिमनी फक्त बशी पुढे सरकवली, पण ती ज्या रीतीने सरकवली त्यात सगळं आलं.

त्या वर गेल्या आणि रस्त्यावर गॅसची गाडी आली. आपलं ते ठरलेलं संगीत वाजवत चढ चढायला लागली. चढ मोठा, गाडी जुनी, संगीत तेच तेच. कुसै दचकून उठला आणि गाडीच्या वर सूर लावून रडायला लागला. नुहाने त्याला कडेवर घेतलं. तिच्या खांद्यात तोंड खुपसून, हुंदके आवरत, तो तिच्या केसांची बट चोखू लागला. त्याच्या झोपेने उबलेल्या गालाचा स्पर्श झाला, की नुहाचं निम्मं डोकं काम करेनासं व्हायचं. उरलेल्या निम्म्या डोक्याने ती पडद्याकडे वळली.

दोन खिडक्या, मध्ये मूळ, खाली निकाल. अगदी वज्दींनी सांगितल्याप्रमाणे. खिडक्यांच्या माथ्यावर फाइलींची नावं होती, म्हणजे असायला हवी होती. घर इंग्रजी झालं तरी फाइलींची नावं अरबीच होती, म्हणून तिथे सगळे चौकोनच होते. पण मदतीच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं: डावीकडे तुमचं, उजवीकडे समोरच्याचं. तिने कुसैचा हात कळफलकावरून उचलला, कुसैने तो परत ठेवला. तिने पुन्हा उचलला. एकेक ओळ तपासत बसण्यात अर्थ नव्हता. 'सगळं डावीकडचं ठेवा' असं एक बटण होतं. तिने ते दाबलं.

टूल बंद झालं आणि गिटने विचारलं, जुळवणी यशस्वी झाली का?

"हे तू मला विचारतेस?" नुहा मोठ्याने म्हणाली. 'हो'साठी तिने वाय दाबला. कळफलक अरबीवर होता, त्यामुळे पडद्यावर उमटला अरबी 'ग़ैन'. गिटला ग़ैन समजेना. तिने पुन्हा विचारलं, यशस्वी झाली का? नुहाने भाषा बदलली, कुसैने परत बदलली. मग केव्हा तरी मधल्या क्षणी वाय लागला आणि तिने काम वर धाडून दिलं. वज्दींना लिहिलं, 'झालं. टूलने.' त्यातला 'टूलने' हा शब्द तिने पुसून पुन्हा लिहिला. राहू दे की, कळू दे.

जुळवलेलं काम वर गेलं, की ते तपासायला कोणी मध्ये नसायचं. ते थेट लोकांच्या फोनवर पोचायचं. याचा वज्दींना फार अभिमान होता. नुहाने फोन टेबलावर ठेवला तेव्हा इमारतभर टिंग, टिंग, टिंग असा मंजुळ आवाज उमटला. तिला वाटलं, वा.

मग तिने चहाकडे पाहिलं. चहावर साय धरली होती. बाळाला आंघोळ घालून मगच नवा करू, असं म्हणून तिने न्हाणीघरात कुसैला त्याच्या टबात बसवलं आणि साबण लावला. कुसैला साबण फार आवडायचा. तो दोन्ही हातांनी फेस पकडायचा, मूठ उघडायचा, फेस नाहीसा झालेला बघायचा आणि दर वेळी तितकंच नवल करायचा. नुहाने त्याच्या डोक्यावर फेसाची टोपी केली. वरून धप धप आवाज येत होता; गच्चीवर कोणी तरी गालिचे आपटत होतं. खाली राहणारे अबू उसैद रबरी नळीने जिना धूत होते आणि जिन्यावरून पाण्याचे लोट वाहत होते. इमारतीतली सगळी धुलाईयंत्रं एकसुरात घुमत होती.

आज रविवारी सगळ्यांना झालंय तरी काय, असा विचार करत नुहाने नळ सोडला. नळ खोकला. एकदा, दोनदा, म्हाताऱ्या माणसासारखा खोल खोकला, आणि मग गप्प बसला.

तिने ओल्या बोटांनी फोन उघडला. 'लुवैबदे: आज तुमचं पाणी.'

लुवैबदेचा, म्हणजे नुहाच्या टेकडीवरच्या वस्तीचा, उन्हाळ्यातला वार मंगळवार होता. तिने स्वतः लिहिलेला. रविवार होता हिवाळ्यातला, सुहैबच्या फाइलमधला. आणि आज तुमचं पाणी म्हटल्यावर अख्ख्या टेकडीने टाकीतलं शिल्लक पाणी गालिच्यांवर ओतून टाकलं होतं, मागून येणारच आहे या भरवशावर.

"कुसै," नुहा म्हणाली, "आपण मेलो."

कुसैने मूठ उघडली आणि फेस गेला म्हणून हसला.

प्यायच्या पाण्याच्या मोठ्या बाटलीतून थोडं कोमट करून तिने त्याचा फेस उतरवला, त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं, आणि दार वाजलं. दारात अबू उसैद होते. तळमजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. एरवी ते जिन्यात पायजम्यावर दिसत, आता अंगात कोट होता. त्यांच्या मागे बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या उम्म हाझिम आणि त्यांच्या मागे जिनाभर इमारत. तक्रार करायला आलेला माणूस पायजम्यावर येतो. कोट घालून चौघांना घेऊन येतो, तो मागणी घेऊन येतो.

मंडळी दिवाणखान्यात बसली. रीत म्हणजे रीत. नुहाने उरलेल्या पाण्यात वेलची घालून कॉफी केली. घरातलं शेवटचं पाणी डोळ्यांदेखत उकळलं. अबू उसैद यांच्यापुढे तिने पहिला पेला धरला. त्यांनी तो घेतला, ओठाला लावला नाही, सावकाश पुढच्या मेजावर ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "आमची मागणी मान्य होईतो ही कॉफी आम्ही पिणार नाही."

त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी पेले खाली ठेवले. पाहुण्याची कॉफी अशी खाली राहिली, की मागणी मान्य होईतो यजमानाची अब्रू टांगणीला लागते. कॉफीचा सुवास सुटला होता. ती कोणी पीत नव्हतं आणि ओतूनही टाकता येत नव्हती.

"आमच्या टाक्या तुझ्या शब्दावर रिकाम्या झाल्या," अबू उसैद म्हणाले. "पाणी कधी येणार, हे आम्हाला खरं खरं कळलं पाहिजे. एवढंच."

"मंगळवारी, काका. मी मंगळवारच लिहिलं होतं. तुम्हीच बघा." वैतागून नुहाने लॅपटॉप त्यांच्यापुढे फिरवला आणि टूल परत उघडलं. गिट काही विसरत नाही, हे या घडीला तरी बरं होतं. भांडण जसंच्या तसं पुन्हा मांडता आलं. "हे डावीकडचं माझं. हे उजवीकडचं त्या सुहैबचं."

अबू उसैद यांनी चष्मा चढवला आणि इंग्रजीत लिहिलेले वार वाचले. "डावीकडे तर रविवार आहे."

"असेल कसा? डावीकडचं माझं." आणि मग तिने खरोखरच पाहिलं. डावीकडे रविवार, हिरवे रंग. उजवीकडे तिचा मंगळवार, तिचा उताराचा हिशेब, तिच्या अंगाया. कडेची सरकपट्टीसुद्धा डाव्या बाजूला होती. अरबीत असते तशी.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लॅपटॉप अरबीत आहे हे बघून टूलने मोठ्या नम्रपणे अख्खं घरच आरशातल्यासारखं उलटवून मांडलं होतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. फक्त मदतीचं पान सरळ ठेवलं होतं. स्वतःचं काम स्वतःच्या हाताने, सगळ्यात मोठं बटण दाबून, तिने खोडून टाकलं होतं.

नेमका तेव्हाच वज्दींचा फोन आला. त्यांचा आवाज आता मऊ नव्हता. "नुहा! फोन थांबत नाहीयेत. टेकडीवरची प्रत्येक हाज्जा मला ओळखायला लागलीये. सुहैब एकामागून एक फोन घेतोय, पोरगा रडकुंडीला आलाय. बस झालं. वार सुहैबकडे. उद्यापासून फोनवर तू बस."

"इंजिनिअर, माझं ऐका. टूल अरबी कॉम्प्युटरवर उलटं उघडतं. तुम्हाला कोणाला ते दिसलंच नसतं."

"अरबी कॉम्प्युटर वापरतं कोण?"

"आपलं ॲप वापरणारं सगळं गाव," नुहा म्हणाली.

वज्दींच्या मागे दोन फोन वाजत असल्याचं ऐकू आलं. पण मालक माणूस, शब्द मागे कसा घेणार? "ते असो," ते म्हणाले, "वार सुहैबच—"

अबू उसैद यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला. "अबू उसैद बोलतोय. इमारतीतर्फे. आमची कॉफी खाली ठेवलेली आहे."

पलीकडे खुर्ची करकरली. वज्दी इंग्रजी कॉम्प्युटर वापरत असतील, पण माणूस जॉर्डनचाच होता. "कोणाची? कुठे? काका, माझ्यामुळे?"

"मागणी अशी," अबू उसैद म्हणाले, आणि नुहा दचकली, कारण मघाची मागणी ही नव्हती. "वारांचं काम या पोरीकडेच राहील. चूक झाली, तर हिला आम्ही जिन्यात गाठू शकतो. तुमच्या सुहैबला आम्ही कुठे शोधायचं?"

"खरंच," उम्म हाझिम म्हणाल्या. "मी तर मजल्यावरून नुसती हाक मारली तरी पुरे."

हे कौतुक होतं का, हे नुहाला कळेना. पण पलीकडे वज्दी घसा खाकरत होते. "ठीक आहे काका. पण आधी दुरुस्त झालं पाहिजे. बैठकीच्या आत."

"आत्ता होईल," नुहा म्हणाली. कुसैला तिने उम्म हाझिमच्या मांडीवर दिलं आणि लॅपटॉपवर वाकली. या वेळी मोठं बटण नाही. एकेक ओळ.

"आधी समोरच्याचं म्हणणं ऐकू," अबू उसैद मध्यस्थाच्या थाटात पुढे सरसावले. "हा सुहैब कोणाचा मुलगा?"

"काका, इथे त्याचा संबंध नाही."

"संबंध नाही कसा? समेट म्हटला की घराणं विचारावंच लागतं. बरं, त्याने काय आणलंय?"

"रंग. मी वार आणलेत."

"हिरवा छान आहे हो," उम्म हाझिम कुसैच्या डोक्यावरून डोकावत म्हणाल्या. "पोराने मेहनत केलीये. तो ठेव."

"रंग त्याचे ठेवते. वार माझे."

"आणि ही ओळ?" जिन्यातून कोणी तरी विचारलं, कारण दारातल्या गर्दीने आता खोलीत पाय टाकला होता. "ही दोघांचीही दिसते."

"ती मूळची आहे. दोघांच्या आधीची."

"मग तिला हात लावू नका," अबू उसैद यांनी निकाल दिला, आणि दुर्दैवाने तो बरोबर होता.

उजवं, डावं, उजवं, उजवं. प्रत्येक ओळीला खोलीभर मतं, प्रत्येक मताला एक उलट मत. एका ओळीवर उम्म हाझिम आणि पहिल्या मजल्यावरची बाई यांचं जुनं, बाल्कनीतल्या फडक्यांचं भांडण उकरून निघालं आणि तेही तिथेच मिटवावं लागलं. अखेर गिटने विचारलं, यशस्वी झाली का? नुहाने कळफलक कुठल्या भाषेत आहे ते आधी पाहिलं. मग वाय दाबला.

इमारतभर टिंग वाजली. खोलीतले सगळे फोन एकदम उघडले. 'लुवैबदे: तुमचं पाणी मंगळवारी. सकाळच्या निरोपाबद्दल क्षमस्व.' हिरव्या रंगात.

अबू उसैद यांनी फोनमध्ये विचारलं, "मान्य?"

"मान्य, काका," वज्दी म्हणाले. "वार तिचे. आता पिऊन टाका."

कॉफी केव्हाच गार झाली होती. तरी मंडळी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि समाधानाने उठली. मंगळवारपर्यंत कसं भागवायचं, कोणाकडून बादली आणायची, याची चर्चा जिन्यातून खाली उतरत गेली. कुसै उम्म हाझिमच्या खांद्यावर झोपी गेला होता. नुहाने त्याला उचलून घेतलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ती बसली. खरोखरची, पाठ टेकून बसली. वार तिचे राहिले होते. झोपेत तो ओठ हलवत होता, दूध पीत असल्यासारखा. तिने त्याच्या कपाळावर ओठ टेकवले.

तेवढ्यात भिंतीतले नळ घुरघुरले.

आधी वाटलं, वरच्या मजल्यावर काही पडलं. मग गच्चीवरच्या टाकीत धो धो आवाज सुरू झाला. एका टाकीत, मग शेजारच्या टाकीत, मग सगळ्या टेकडीभर. पाणीवाल्यांनी कोणालाही न विचारता, कुठलाही वार न बघता, रविवारी भरदुपारी पाणी सोडलं होतं.

जिन्यात उतरत गेलेली चर्चा तशीच थांबली. मग उम्म हाझिमची हाक मजल्यामजल्यांवरून घुमत आली: "नुहा! अगं, हे काय?"

फोन वाजला. वज्दी होते. त्यांच्या मागे सुहैब काही तरी विजयी आवाजात ओरडत होता.

"नुहा, पाणी आलंय! रविवारी! आता काय करायचं? पुन्हा जुळवायचं का? कुठली बाजू ठेवायची?"

"आता फोन ठेवा, इंजिनिअर," नुहा कुसैला सावरत उठली. "मला पाणी भरायचंय."